हॉवर्ड ह्यूज: वेगाचे विक्रम मोडणारा माणूस एका खोलीत का अडकला?



जगातला पहिला लेझर, पृथ्वीच्या फिरण्याच्या गतीने फिरणारा पहिला दळणवळण उपग्रह आणि चंद्रावर अलगद उतरलेलं अमेरिकेचं पहिलं यान. या तिन्ही गोष्टी एकाच माणसाने सुरू केलेल्या कंपनीत तयार झाल्या. त्याचं नाव हॉवर्ड ह्यूज. आपल्याकडे बँकांच्या आणि एटीएमच्या छतावर ज्या कंपनीच्या डिश दिसतात, जिला आपण 'ह्युजेस' म्हणतो, ते नावही याच घराण्यातून आलेलं.

पण ज्या काळात त्याच्या कंपनीची यंत्रं अंतराळात जात होती, त्याच काळात तो स्वतः जाड पडदे लावलेल्या खोलीत बसून होता. दाराच्या मुठीला टिश्यू पेपर न धरता हात लावणं त्याला जमत नव्हतं. या आजाराचं नाव ऑब्सेसिव्ह कंपल्सिव्ह डिसऑर्डर, म्हणजेच ओसीडी. हा शब्द आपण रोज चुकीच्या अर्थाने वापरतो. आयकॉन सरळ रेषेत लावले की म्हणतो, मला ना जरा ओसीडी आहे. खरा ओसीडी काय करतो, हे ह्यूजच्या आयुष्यातून जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसत असेल.

ह्यूस्टनचा मुलगा

ह्यूजचा जन्म १९०५ साली अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात झाला. वडिलांनी १९०९ मध्ये खडक फोडणाऱ्या दुहेरी शंकूच्या ड्रिल बिटचं पेटंट घेतलं. तेलविहिरी खोदणाऱ्या कंपन्या हे बिट भाड्याने न्यायच्या आणि त्यातून घरात पैसा वाहत होता. मुलगाही यंत्रवेडा निघाला. लहानपणीच त्याने सायकलला मोटर बसवली आणि रेडिओ ट्रान्समीटर जोडला.

त्याच्या आईला रोगजंतूंची प्रचंड भीती होती. पोलिओच्या साथींचा तो काळ. ती रोज मुलाचं अंग तपासायची, कुणी आजारी आहे असं कळलं तर त्याला दूर ठेवायची. किशोरवयात काही महिने त्याला चालताच येईना. पोलिओची शंका आली, पण कारण सापडलं नाही आणि तो पुन्हा चालू लागला.

इथे एक गोष्ट लगेच सांगतो. ओसीडी आईबापांच्या वागण्याने 'होतो' असं म्हणता येत नाही. त्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो. मेंदूचा पुढचा भाग आणि आतली खोलवरची केंद्रं यांना जोडणाऱ्या सर्किटचाही असतो. पण घरातलं वातावरण त्या भीतीला विषय पुरवू शकतं. ह्यूजला तो विषय मिळाला: जंतू.

१९२२ मध्ये आई गेली, १९२४ मध्ये वडील गेले. अठराव्या वर्षी तो मोठ्या कंपनीचा मालक झाला. नातेवाइकांचे हिस्से त्याने विकत घेतले आणि थेट हॉलिवूड गाठलं.

परफेक्शन की काहीतरी वेगळं?

पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकांवरचा 'हेल्स एंजल्स' हा त्याचा सिनेमा १९३० मध्ये आला. आकाशातल्या लढाईत मागे योग्य ढग नसतील तर वेग जाणवत नाही, म्हणून त्याने मनासारख्या ढगांची वाट बघत शूटिंग थांबवून ठेवलं होतं. मध्येच बोलपट आले, तर मूकपट म्हणून शूट केलेला बराच भाग पुन्हा केला.

मग विमानं आली. १३ सप्टेंबर १९३५ रोजी त्याने स्वतःच्या एच-१ विमानातून ताशी ३५२ मैल, म्हणजे सुमारे ५६७ किलोमीटर वेगाचा विक्रम केला. त्या विमानाचे रिव्हेट पत्र्यात सपाट बसवलेले होते आणि चाकं आत घेता येत होती. सगळी मेहनत एकाच गोष्टीसाठी, हवेचा अडथळा कमी करायचा. १९३७ मध्ये लॉस एंजेलिस ते नेवार्क हे अंतर त्याने ७ तास २८ मिनिटांत कापलं. १९३८ मध्ये चार सहकाऱ्यांना घेऊन सुमारे ९१ तासांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. आधीच्या विक्रमाच्या निम्माच वेळ लागला. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर त्याची जंगी मिरवणूक निघाली.

याच दशकातली मित्रांनी सांगितलेली एक गोष्ट आहे. जेवताना ह्यूज खास काट्याने ताटातले वाटाणे आकारानुसार वेगळे करायचा. लोक हसायचे. श्रीमंत माणूस, विक्षिप्त असणारच!

इंजिनिअर म्हणून मला ही जागा महत्त्वाची वाटते. रिव्हेट सपाट बसवणं आणि वाटाणे निवडणं बाहेरून सारखंच दिसतं. पण रिव्हेट बसवण्याला हेतू आहे: विमान वेगाने जातं, आणि काम झालं की थांबता येतं. वाटाणे निवडण्यातून हाती काही लागत नाही, फक्त न निवडल्याची अस्वस्थता तेवढी टळते. पहिलं कौशल्य आहे, दुसरं सक्ती. ओसीडी असलेला माणूस हुशार असतो म्हणून त्याला ओसीडी होतो, असं नाही. ह्यूज ओसीडीमुळे मोठा झाला नाही, तर ओसीडी असतानाही मोठा झाला.

आकाशातून खाली

१९४०च्या दशकात गोष्टी बिघडू लागल्या. त्याचा उजवा हात असलेल्या नोआ डिट्रिच या अधिकाऱ्याच्या लक्षात आलं की फोनवर ह्यूज एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतोय आणि ते त्याच्या स्वतःच्या ध्यानातच येत नाहीये.

७ जुलै १९४६ रोजी एक्सएफ-११ या टेहळणी विमानाची चाचणी घेताना एक प्रोपेलर बिघडला आणि विमान बेव्हर्ली हिल्समधल्या घरांवर कोसळलं. गळपट्टीचं हाड, बरगड्या, फुप्फुस, भाजलेली कातडी... तो वाचला हेच नवल. वेदना कमी करायला दिलेल्या औषधांची, पुढे कोडीनची, सवय लागली ती कायमची.

तरीही २ नोव्हेंबर १९४७ रोजी त्याने एच-४ हर्क्युलिस हे मुख्यतः लाकडाचं प्रचंड विमान स्वतः उडवलं. पंखांची लांबी ३२० फूट. ते पाण्यापासून साधारण ७० फूट उंच उठलं, मैलभर गेलं आणि उतरलं. पुन्हा ते कधीच उडालं नाही. ह्यूजही यानंतर लोकांना कमी कमी दिसू लागला.

डबा उघडण्याच्या नऊ पायऱ्या

ह्यूज आपल्या मदतनीसांना लेखी सूचना द्यायचा. त्यातली सर्वात प्रसिद्ध सूचना आहे फळांचा बंद डबा कसा उघडावा याची. त्यात नऊ टप्पे आहेत. टेबल तयार करणं, डबा आणणं, धुणं, पुसणं, हात स्वच्छ करणं, डबा उघडणं, फळ काढणं, आणि पुढे. डबा भिजवून लेबल काढायचं. वरच्या कडेखाली दोन इंचांपासून ब्रशने घासायचं, धुळीचा कण आणि कागदाचा तुकडा निघेपर्यंत थांबायचं नाही. फळ काढताना अंगाचा कुठलाही भाग डब्याच्या वर येऊ द्यायचा नाही, बोलायचं नाही, खोकायचं नाही.

त्याच्या श्रवणयंत्राची वायर कपाटातून काढण्यासाठीसुद्धा अशीच सूचना होती. दाराला हात लावताना टिश्यूचे सहा ते आठ थर, तेही बॉक्समधून एकेक ओढून घेतलेले.

वाचताना हे एखाद्या सेमीकंडक्टर कारखान्याच्या मॅन्युअलसारखं वाटतं. फरक एवढाच की कारखान्यात धुळीचं प्रमाण मोजता येतं आणि ठरलेल्या आकड्याखाली आलं की काम सुरू होतं. ह्यूजकडे तो आकडा नव्हता. त्याला हवी होती शंभर टक्के खात्री.

ओसीडीचा लूप

आता हा आजार आपल्या भाषेत समजून घेऊ. कोडमध्ये लूप लिहिताना बाहेर पडायची अट द्यावी लागते. ती अट कधीच खरी होणार नसेल तर प्रोग्राम फिरत राहतो, बॅटरी संपते, फोन गरम होतो.

ओसीडीमध्ये चार पायऱ्या असतात.

पहिली, नको असलेला विचार. हाताला जंतू लागले असतील. गॅस चालू राहिला असेल. मी बाळाला इजा केली तर? देवघरात बसल्यावर मनात घाण शब्द आला. यांना इंट्रुसिव्ह विचार म्हणतात, म्हणजे न बोलावता घुसणारे.

दुसरी, प्रचंड भीती किंवा किळस.

तिसरी, ती शमवण्यासाठी केलेली कृती: धुणं, तपासणं, मोजणं, मनातल्या मनात जप करणं, कुणाला तरी पुन्हा पुन्हा विचारणं.

चौथी, थोडा वेळ सुटका. इथेच खरी गोम आहे. सुटका मिळाली की मेंदू शिकतो की धोका खराच होता, कृतीमुळे वाचलो. पुढच्या वेळी विचार आणखी जोरात येतो.

बाहेर पडायची अट म्हणजे पूर्ण खात्री, आणि ती या जगात कुणालाच मिळत नाही. म्हणून लूप थांबत नाही.

आणखी एक. असे विचित्र विचार फक्त आजारी माणसांनाच येतात असं नाही. १९७८ मध्ये स्टॅन्ली रॅकमन आणि मूळचे श्रीलंकेचे पद्मल डी सिल्वा यांनी दाखवून दिलं की बहुतेक निरोगी लोकांनाही तसेच विचार येतात. फक्त ते लोक नोटिफिकेशन बाजूला सारल्यासारखे ते सारतात. ओसीडी असलेला माणूस प्रत्येक नोटिफिकेशन उघडून उत्तर देत बसतो, कारण त्याला वाटतं की विचार आला याचाच काहीतरी अर्थ असणार. ज्या आईला बाळाला इजा करण्याचा विचार येऊन घाम फुटतो, ती धोकादायक नसते. बाळ तिच्यासाठी सर्वात मोलाचं असतं, म्हणूनच भीती नेमकी तिथे बोट ठेवते.

माझ्या बाबतीत

हे मी पुस्तकातूनच सांगत नाहीये. माझं निदान चोवीसाव्या वर्षी झालं. माझ्याकडे हात धुणं वगैरे नव्हतं, त्यामुळे घरात कुणाला, मलासुद्धा, हा ओसीडी असेल असं वाटलं नाही. लोकलच्या प्लॅटफॉर्मवर उभा असलो की विचार यायचा, समोरच्या माणसाला मी ढकललं तर? मी दोन पावलं मागे, मग भिंतीला टेकून, मग हात खिशात घालून उभा राहायचो. घरून निघताना कुलपाचा आणि गॅसच्या बटणाचा फोटो काढायचो. गाडीत बसल्यावर वाटायचं, फोटो कालचा तर नसेल? मग वेळ बघायची, झूम करायचं, आईला फोन लावायचा.

आई प्रेमाने सांगायची, अरे बंद आहे गॅस. तेवढ्याने दहा मिनिटं बरं वाटायचं. पुढे थेरपिस्टने आईलाही बोलावलं आणि ते उत्तर बंद करायला सांगितलं. आईला फार जड गेलं ते. मला वाटतं, माझ्यापेक्षा तिलाच जास्त.

आज्ञाधारक माणसांची भिंत

ह्यूजला असं थांबवणारं कुणी नव्हतं. नोव्हेंबर १९६६ मध्ये तो लास व्हेगासच्या डेझर्ट इन हॉटेलमध्ये उतरला. मालकांनी मजले रिकामे करायला सांगितले तेव्हा १९६७ मध्ये त्याने हॉटेलच विकत घेतलं. पुढची चार वर्षं तो त्या काळोख्या खोलीत राहिला. रात्री हवे ते सिनेमे लागावेत म्हणून स्थानिक टीव्ही स्टेशनही घेतलं. नेवाडामधला त्याचा सगळा कारभार बघणाऱ्या रॉबर्ट मेह्यू यांची आणि त्याची समोरासमोर भेट कधी झालीच नाही. सगळं फोनवर आणि चिठ्ठ्यांवर.

मदतनीस त्याची प्रत्येक सूचना पाळत होते. त्यासाठीच त्यांना पगार मिळायचा. साध्या माणसाला कधीतरी ऑफिसला जावंच लागतं, दार उघडावंच लागतं, आणि त्या नाइलाजातून लूप थोडा तुटतो. ह्यूजच्या पैशाने तो नाइलाजही संपवला.

आणि शेवटी उलटंच झालं. जंतूंना घाबरणारा हा माणूस महिनोन्‌महिने अंघोळ करत नव्हता, केस आणि नखं वाढलेली. हे विसंगत वाटतं, पण ओसीडीत असं होतं. स्वच्छतेचे नियम इतके अवघड होऊन बसतात की ते पाळण्यापेक्षा काहीच न करणं सोपं वाटू लागतं. म्हणून ओसीडी म्हणजे स्वच्छतेची आवड, हे समीकरण डोक्यातून काढून टाका. अर्थात, त्याच्या अवस्थेला अपघातातल्या जखमा, वेदना आणि कोडीनचं व्यसन हीदेखील कारणं होती.

त्याच वर्षी, लंडनमध्ये

ज्या १९६६ मध्ये ह्यूजने त्या खोलीचं दार लावून घेतलं, त्याच वर्षी लंडनमध्ये व्हिक्टर मायर या मानसशास्त्रज्ञाने एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी रुग्णांना भीतीच्या गोष्टीला हळूहळू सामोरं जायला लावलं आणि नेहमीची कृती करण्यापासून थांबवलं. भीती वर चढली, पण काही न करताही ती उतरली आणि रुग्ण सुधारले. आज याला ईआरपी म्हणतात आणि ओसीडीवरची ही सर्वात भरवशाची थेरपी मानली जाते. क्लोमिप्रामिन या औषधाचा ओसीडीसाठी वापरही १९६०च्या दशकाच्या शेवटी सुरू झाला. पुढे इतर औषधंही आली.

म्हणजे ह्यूज जिवंत असतानाच इलाजाची सुरुवात झाली होती. उपग्रह सोडण्याची ताकद असलेल्या माणसापर्यंत तो पोहोचला नाही.

५ एप्रिल १९७६ रोजी मेक्सिकोतल्या अकापुल्कोहून ह्यूस्टनला उपचारासाठी नेताना विमानातच त्याचा मृत्यू झाला. सहा फूट चार इंच उंचीच्या त्या माणसाचं वजन चाळीस किलोच्या आसपास उरलं होतं. तो इतका बदलला होता की ओळख बोटांच्या ठशांवरून पटवावी लागली. मृत्यूनंतर रेमंड फाउलर या मानसशास्त्रज्ञाने कागदपत्रं आणि जबान्या तपासून त्याच्या मनाचा अभ्यास केला आणि लहानपणापासूनच्या भीतीचा धागा शेवटपर्यंत जोडून दाखवला. २००४ च्या 'द एव्हिएटर' सिनेमात लिओनार्डो डिकॅप्रिओने त्याची भूमिका केली, तेव्हा अनेकांना हा आजार पहिल्यांदा पडद्यावर दिसला.

त्याने १९५३ मध्ये स्थापन केलेली हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूट आज जीवशास्त्रातल्या संशोधनाला मदत करणाऱ्या जगातल्या मोठ्या संस्थांपैकी एक आहे. जंतूंपासून पळणाऱ्या माणसाच्या पैशातून आज पेशी आणि मेंदू यांचा अभ्यास होतोय.

खिशातला मदतनीस

आता मुद्दा आपला. ह्यूजला हुकूम पाळणारी माणसं ठेवायला कोट्यवधी डॉलर लागले. आपल्याकडे ते काम फोन करतो, तेही चोवीस तास, न थकता. कुलपाचा फोटो काढतो, पाठवलेला मेसेज वीस वेळा वाचू देतो, लक्षण सर्च केलं की शंभर उत्तरं देतो. चॅटबॉटला रात्री तीन वाजता तोच प्रश्न पंधराव्यांदा विचारला तरी तो चिडत नाही. सगळं मदत करण्यासाठी बनवलंय, पण ओसीडीच्या लूपला हेच खाद्य लागतं.

स्वतःला हे प्रश्न विचारून बघा. याच गोष्टीची खात्री मी आज आधी केली आहे का? उत्तर मिळाल्यावर शांतता किती वेळ टिकते? यात रोजचा तासभर किंवा जास्त वेळ जातो का? उत्तरं 'हो' आणि 'थोडाच वेळ' अशी असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा आणि ईआरपीबद्दल थेट विचारा. विचार कितीही लाजिरवाणा असला तरी सांगा, त्यांनी तो आधी अनेकदा ऐकलेला असतो. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. बंगळुरूच्या निमहान्समध्ये ओसीडीसाठी खास क्लिनिकही आहे. आणि मित्र तोच प्रश्न पुन्हा विचारत असेल तर त्याची टिंगल करू नका. प्रत्येक वेळी खात्रीही देत बसू नका. त्याला सांगा, तुला भीती वाटतेय हे कळतंय, मी इथेच बसतो, पण उत्तर नाही देणार.

ओसीडी शंभरातल्या एक ते तीन लोकांना आयुष्यात कधी ना कधी होतो. म्हणजे तुमच्या कॉलेजच्या वर्गात एखादा तरी असेलच. तो आज कदाचित ढगांची वाट बघत असेल आणि सगळे त्याला परफेक्शनिस्ट म्हणत असतील. हा लेख त्याला पाठवा. एकदाच पाठवा, आणि त्याने वाचला का ते पुन्हा पुन्हा तपासू नका.